यादीतलं चौदावं पाकीट

कोठून: मुंबई.
कोठे: लालीबाई राठोड, तांडा, तालुका दिग्रस.
आत काय: एका पोरीचे चाळीस शब्द.

(लेबलावर असं लिहीत नाहीत. लेबलावर नंबर असतो. पण लालीबाईनं खिडकीशी येऊन सांगितलं ते असंच.)

तर झालं असं. सोमवारी सकाळी साडेअकराला टपालाच्या छाननी खोलीच्या खिडकीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि कडेला पाच वर्षांची नात. खिडकीत पुष्पा जाधव होती. दहा वर्षं ती याच खोलीत थैल्यांना लेबलं बांधत होती, याद्या जुळवत होती. म्हातारीचा हेल तिनं पहिल्याच शब्दाला ओळखला. तिच्या आईचाही तोच.

"बेस, याडी, बेस," पुष्पा म्हणाली. बस, आई, बस.

"बसाले नाही आली मी. दिग्रसहून एसटीत हाडं मोडून आली. तुमच्याइथं सामान पाव्हण्यावानी मुक्कामाले राह्यते का वं? मोबाइलवर म्हणते, गुरुवारी इथं पोचलं. आज सोमवार. कोणाच्या लग्नात गेलं?"

नात, खुशी, जन्मापासून बहिरी. ऑपरेशन करून डोक्याच्या आत यंत्र बसवलेलं, पण बाहेरचा भाग कानामागे लावल्याशिवाय ते मुकं. तो बाहेरचा भाग बिघडला, दुरुस्तीला मुंबईला गेला. पोरीचे आईबाप ऊसतोडीला, म्हणून पाकीट आजीच्या नावानं. आज एकोणीस दिवस खुशीला काहीच ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांत तिनं चाळीस शब्द कमावले होते.

"परवापासून एकही नाही बोलून राह्यली," लालीबाई म्हणाली. एवढ्याच वाक्याला तिनं आवाज खाली आणला. "शिकवणाऱ्या बाईनं सांगतलं, ऐकू नाही आलं तं आलेले शब्द बी जातात."

पुष्पानं गुरुवारची यादी काढली. चौदा नंबर. चौदा टिका. तिच्याच हातच्या. चौदावा नंबर लालीबाईच्या मोबाइलमधला.

टीक ✓ ✓ ✓ ✓ ✓ ✓ ✓ ✓ ✓ ✓ ✓ ✓ ✓ आणि

आणि इथं पुष्पाला आठवलं.

गुरुवारी लाइन गेली होती. मशीन बंद, म्हणून थैली जुन्या पद्धतीनं उघडली: एकानं यादी वाचायची, दुसऱ्यानं पाकीट बाजूला ठेवून टीक करायची. वाचत होते घनश्यामभाऊ. पुष्पाच्या हिशेबात तेरा पाकिटं आली. भाऊंनी चौदा नंबर वाचले. आणि पुष्पाला वाटलं, भाऊ चुकायचे नाहीत, माझीच मोजणी चुकली. तिनं चौदावी टीक केली. शुक्रवारी लाइन आल्यावर तीच यादी गुरुवारच्या तारखेनं मशीनमध्ये भरली.

घनश्यामभाऊ म्हणजे खोलीचे प्रमुख. चौतीस वर्षं नोकरी. कपाटात एक चूक-वही आहे. कोणाच्या हातून काय सुटलं, ते तिच्यात लिहायचं असतं. तिच्यात पुष्पाचं नाव सहा वेळा आहे. भाऊंचं एकदाही नाही. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते.

ती त्यांच्या टेबलाशी गेली. "भाऊ, तेराच होते."

त्यांनी चष्मा वर केला. "कायचे?"

तिनं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग रिकाम्या थैल्यांचं रजिस्टर ओढलं. थैली रिकामी झाली की उलटी करायची, झटकायची, कोपरे चाचपायचे आणि दोघांनी सही करायची: थैली रिकामी पाहिली. गुरुवारच्या ओळीत दोन्ही सह्या होत्या.

"तुम्ही झटकली होती ना, भाऊ?"

"नाही. मले वाटलं, तू झटकलीच असशील. तू कधी सोडतच नाही. म्हणून मी सही केली."

"आणि मी तुमची सही पाहून केली."

दोन माणसांनी एकमेकांवर इतका भरवसा ठेवला की थैली कोणी पाहिलीच नाही.

आता थैल्या. आठवडाभराच्या रिकाम्या थैल्या सगळ्या मिसळून वीस-वीसच्या गठ्ठ्यांत बांधून दारात रचल्या होत्या. अकरा गठ्ठे. दर सोमवारी एक वाजता नागपूरची गाडी त्या घेऊन जाते. तिथं गेलं की पाकीट हजारो थैल्यांत. सापडलं तर सापडलं.

बारा वाजायला दहा.

गाडीवाला भीमराज दारात विडी विझवत होता. "भाऊ, चढवू का?"

"हात लावू नको!" भाऊ इतक्या मोठ्यानं ओरडले की खोलीतले, खिडकीबाहेरचे सगळे वळले. खुशी सोडून.

एक गठ्ठा. सुतळी कापा. थैली उलटी करा. झटका. कोपरा. दुसरा कोपरा. पुढची.

दोन गठ्ठे. धूळ. कोणीतरी शिंकलं.

तीन. चार. लालीबाई पोरीला घेऊन दारातून आत आली. बाहेरच्या माणसाला आत मनाई आहे, हे तिला कोणी सांगितलं नाही. "काय शोधून राह्यले?" तिनं विचारलं. पुष्पानं खरं सांगितलं. लपवायला वेळच नव्हता.

"म्हणजे तुयाच हातून?"

"हो, याडी. माझ्याच."

"आमच्याच," घनश्यामभाऊ थैलीत खांद्यापर्यंत हात घालून बोलले.

पाच. सहा.

सातव्या गठ्ठ्यातली अकरावी थैली. तळाची शिवण उसवून आतल्या अस्तराची खिशासारखी घडी झाली होती. पुष्पाच्या बोटांना आधी काहीतरी टणक लागलं, मग कागदाची कड. तिनं ते बाहेर काढलं आणि तिथंच जमिनीवर बसली. कुठल्या देवाचे आभार मानावे ते सुचेना, म्हणून ती त्या शिवणीकडेच बघत राहिली.

खरं तर पाकीट दिग्रसच्या थैलीत भरून जायला हवं. पण भाऊंनी लालीबाईच्या नावानं अर्ज लिहिला, आधार कार्ड पाहिलं, अंगठा घेतला आणि ते तिच्या हातात दिलं. मग चूक-वही काढली.

पुष्पानं पेन घेतलं.

तारीख: सोमवार.
चूक: तेरा असता चौदा दाखवले. थैली न पाहता सही.
कोणाची: पु

"थांब." भाऊंनी वही आपल्याकडे फिरवली. "आधी माझं. वाचणारा मी, पहिली सही माझी."

"भाऊ, पाच दिवस राहिले तुमचे. कोरं राहू द्या ना."

"कायले? फ्रेम करून भिंतीवर लावू?" ते हसले. "चौतीस वर्षांत मी चुकलोच नाही, हे कोणाले खरं वाटन? तू तेरा मोजले आणि गप बसली, ते माझ्या कोऱ्या पानापायीच ना?"

पुष्पानं पेन त्यांच्या हातात दिलं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिची लेबलं सुटून पडायची, तेव्हा याच माणसानं जेवणाच्या सुट्टीत बसून तिला गाठ मारायला शिकवलं होतं, आणि कोणाला कळू दिलं नव्हतं. भाऊंनी आपलं नाव लिहिलं. खाली तिचं.

तोवर लालीबाईनं पाकीट दातानं फोडलं होतं. कमरेच्या पिशवीतून चार्ज केलेली बॅटरी काढून बसवली. यंत्र कानामागे अडकवलं. वायरीच्या टोकाची गोल चकती केसांतून सरकवली, ती चुंबकानं डोक्याला चिकटली. बारीक हिरवा दिवा लुकलुकला.

खोली गप्प झाली. कोणी ठरवलं नव्हतं. शिक्के मारणारे हात वरच्या वर थांबले. भीमराजनं दार अर्धं लोटलेलं, तसाच उभा राहिला. पोरीच्या कानात पहिला आवाज कशाचा जावा, याची जबाबदारी कोणालाच नको होती.

लालीबाई पोरीच्या तोंडासमोर उकिडवी बसली. "खुशी," ती म्हणाली.

पोरगी बघत राहिली.

"खुशी. ए माय."

काहीच नाही. लालीबाईनं चकती पुन्हा दाबून पाहिली.

घनश्यामभाऊंना ते पाहवेना. ते मागे सरकले आणि त्यांच्या कोपरानं टेबलावरचा लोखंडी शिक्का खाली फरशीवर पडला. ठण्ण.

खुशीनं दोन्ही हात कानांवर दाबले, वळली, आणि भाऊंना रागानं म्हणाली, "हळू!"

एवढा चांगला दम भाऊंना आयुष्यात कोणी दिला नव्हता. ते "हो बाई, चुकलो, हळू, हळू" म्हणत शिक्का उचलायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

लालीबाईनं पोरीला छातीशी धरलं. मग डोळे पुसून पुष्पाकडे पाहिलं. "तुयावर लय राग आलता मले."

"यायलाच पाहिजे, याडी."

"पण तू खोटं नाही बोलली वं. 'तांड्यावर चौकशी करा' म्हणून मले वाटेला लावली असती, तं गाडी गेली असती."

पुष्पानं तिचे पाय धरले. लालीबाईनं तिला दंडाला धरून उठवलं, पण दंड सोडला नाही.

"वाजाले आला एक!" भीमराज दारातून ओरडला. आणि खुशीकडे बघून लगेच हळू आवाजात म्हणाला, "वाजाले आला एक."

खोलीभर सव्वाशेच्या वर थैल्या उलट्या पडल्या होत्या. लालीबाईनं बांगड्या मागे सारल्या, फरशीवर मांडी घातली आणि पहिली थैली पुढ्यात ओढली.

"घडी कशी घालता, ते दाखवा," ती म्हणाली. "आणि कोपरे मी पाह्यते. तुमी दोघं नका पाहू."