बाळाच्या खोलीची काच

लेकीला दवाखान्यातून घरी नेताना डॉक्टरांनी सुगतला बजावलं होतं, "बाळ वेळेआधी जन्मलंय. खोलीत ऊब पाहिजे. गारठा लागला तर वजन वाढायचं नाही." सुगत आर्किटेक्ट. खासबागेतल्या नव्या घराच्या सगळ्या खिडक्यांना त्यानं स्वतः निवडून दुहेरी काच बसवून घेतली होती. तो निर्धास्त होता.

पण जानेवारीचा गारठा पडला आणि हीटर लावूनही संध्याकाळी बाळाची खोली तापेना.

"सुगत, पोरीचं पाय लई गार पडल्यात रं," त्याची आई, शेवंताबाई, म्हणाली.

त्याची बायको पारमितानं लेकीला छातीशी घट्ट धरलं. "तू तर म्हणालतास, या काचेतनं ऊब जात न्हाय."

सुगत खिडकीकडं वळला. आपण निवडलेल्या काचेपायी लेकीला काही झालं तर?

त्यानं खिडकीला हात लावला. काच गारढोण. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा गारठा थोडा अडवते, पण तेवढ्यानं भागत नाही. दोन काचांच्या मधल्या बाजूला चांदीचा एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर लागतो. खोलीतून निसटू पाहणारी ऊब तोच माघारी फिरवतो. मागवताना त्यानं तो सांगितला होता, पण या काचेला तो थर होता तरी का?

त्यानं मेणबत्ती पेटवून काचेजवळ धरली. दोन काचांच्या चार बाजूंमुळं एकामागं एक चार ज्योती दिसल्या, चारही पिवळ्या; थर असता तर एकीचा रंग वेगळा दिसला असता. तो तसाच हॉलच्या खिडकीशी गेला. तिथं चारांतली एक ज्योत गुलाबीसर होती. म्हणजे तिथं थर होता. बाळाच्या खोलीत मात्र बिनथराची दुहेरी काच बसली होती.

"आई, पाळणा हॉलात घे. आत्ताच्या आत्ता!"

मग त्यानं काचवाल्या भरमूला फोन लावला.

"दुसऱ्या गिऱ्हाइकाची काच तुमच्यात आली असंल, सायेब," भरमू चाचरत म्हणाला. "बदलून देतो."

"कधी?"

"नवी बनवून येऊस्तोवर आठवडा तरी जाईल."

हॉल लवकर तापला. पोरगी दूध पिऊन झोपली. तरी सुगतचा जीव थाऱ्यावर नव्हता. झालेला उशीर बाळाला भोवला असेल का, हे त्याला कोण सांगणार होतं?

सोमवारी दवाखान्यात नर्सनं लेकीला काट्यावर ठेवलं. आकडा स्थिर होईना.

"वाढलंय," नर्स म्हणाली.

पारमितानं त्याचा हात धरला. तिचा तळवा घामानं चिंब झाला होता.