चावलेल्या नाण्याची साक्ष

मी नाणं बोलतोय. जरा थांबा, खिशात हात घालू नका, मी तिथे सापडणार नाही. तुमच्या खिशातली नाणी बिचारी गोल असतात. माझा मात्र एका बाजूने लचका तुटलेला आहे, कुणीतरी बिस्किटाचा घास घेऊन उरलेलं परत ठेवावं तसा. एके काळी मला त्याची फार लाज वाटायची. आता विचाराल तर मान ताठ आहे.

माझा जन्म टांकसाळीतला. तिथे धातूची लांबलचक पट्टी यंत्राखालून सरकत जाते आणि यंत्र तिच्यातून गोल चकत्या कापतं. माझ्या वेळी पट्टी सरकायची तेवढी सरकली नाही. आधीच्या चकतीच्या भोकावरच यंत्राचा घाव थोडासा पडला आणि मी जन्मतःच चंद्रकोरीएवढा कमी भरलो. पुढे चकत्यांना कड आणतात. दोन बाजूंनी दाबत घरंगळवलं की काठ वर उठतो. माझ्या लचक्याच्या जागी दाबायला अंगच नव्हतं. त्यामुळे त्याच्या बरोबर समोरच्या बाजूलाही दाब बसला नाही आणि तिथली कड उठलीच नाही, सपाट राहिली. म्हणजे एक व्यंग उघड आणि दुसरं छुपं. हे दुसरं तेवढं ध्यानात ठेवा.

ठसा उमटल्यावर तपासणीच्या टेबलावर मला बाजूला काढायला हवं होतं. पण तपासणाऱ्या बाई शेजारणीला आपल्या जावेची काहीतरी गंमत सांगत होत्या. दोघींना हसू आवरेना आणि तेवढ्यात मी पिशवीत जाऊन पडलो. त्या हसण्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

बाहेरच्या जगात मात्र नावडतीचं मीठ अळणी. दुकानदार मला गल्ल्यात टाकायच्या आधी बोटाने उलटंपालटं करायचे आणि परत सरकवायचे. वजनाच्या यंत्राने मला दोनदा गिळलं आणि दोनदा बाहेर थुंकलं. मग माणसं मला दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारायची. एरवी सभ्य असणारे लोकसुद्धा मला इतर नाण्यांच्या मधोमध दडवून, भलतीकडेच बघत पुढे करायचे. माणसाच्या खोटेपणाचं इतकं दर्शन धड नाण्यांना होत नसेल.

असाच एकदा एका गिऱ्हाइकाने मला किल्लीवाल्याच्या हातात दडपलं आणि तो चालता झाला.

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे एक कपाट म्हणा ना. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे घोस, पुढे छोटी ऐरण, कानशी, पितळेचा भुगा. मागच्या स्टुलावर त्याची बायको बसायची आणि कुठलं कुलूप कुणाचं त्याच्या चिठ्ठ्या लिहायची. त्याची सवय अशी, की हातात काहीही आलं तरी अंगठा आधी काठावरून फिरवायचा. माझ्यावरून फिरवला आणि तो थबकला.

"गंडवलं ना तुम्हाला आज?" बायको म्हणाली.

"अगं, हे कुणी कापलेलं नाही. कापलेल्या धातूला हाताला लागेल अशी धार असते. हे असंच जन्माला आलंय."

तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्याचा झालो. इतक्या वर्षांत मला जन्माचा असा दाखला कुणी दिला नव्हता.

मग त्याला नाद लागला. वाचनालयाच्या माडीवर नाणेसंग्राहकांचं मंडळ भरायचं, तिथे तो मला घेऊन गेला. आणि काय सांगू, तिथे माझ्यासारख्यांचा दरबारच भरलेला. एकाच्या तोंडावर दोनदा ठसा उमटलेला, एकाचं चित्र घसरून काठाबाहेर गेलेलं, एकाच्या पाठीवर काहीच नाही, नुसती चकचकीत पाठ. आणि शहाणीसुरती माणसं भिंग लावून त्यांच्यावर जीव ओवाळून टाकत होती. कारण साधं आहे. चांगली नाणी लाखांनी निघतात, चुकलेलं क्वचितच सुटतं.

मंडळाच्या सचिवांनी मला पाच सेकंद पाहिलं. मग त्यांनी किल्लीवाल्याच्या नखांत अडकलेला पितळेचा भुगा पाहिला.

"काय करता आपण?"

"किल्ल्या बनवतो."

"मग कानस हाताशीच असेल," ते म्हणाले आणि सगळे हसले.

ते हसणं माडीवर राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण सचिव आमच्याच गल्लीत राहत. आठवड्याभरात एक बाई आपलं कुलूप परत न्यायला आल्या. "राहू दे, दुसरीकडे बघते," म्हणाल्या, नजर चुकवून. मग आणखी एक जण आला. किल्लीवाल्याचा धंदा विश्वासावर. चौतीस वर्षं अख्ख्या गल्लीच्या दारांच्या किल्ल्या त्याच्या हातून गेल्या, पण एकाही घरातली सुई कधी हलली नव्हती. आता त्याच हाताला लोक लबाड म्हणू लागले, आणि तेही माझ्यापायी. मला गटारात फेकलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

त्याने फेकलं नाही. मंडळाचं प्रदर्शन होतं आणि टांकसाळीतून निवृत्त झालेल्या एक परीक्षक बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर मला मांडायचं त्याने ठरवलं. आदल्या दिवशी दुपारी मला पुसताना त्याचा अंगठा त्या सपाट कडेवर अडला.

"ही एवढी बाजू बसलीय. उचलून देतो, म्हणजे लचका सोडून बाकी तरी निर्दोष दिसेल," असं म्हणत त्याने हातोडी घेतली. कारागीर माणूस, अपुरं काम त्याला बघवत नाही. माझी मात्र पाचावर धारण बसली. अहो, तीच तर माझी साक्ष होती!

बायकोने चिठ्ठ्यांवरून मान वर केली. "लोक म्हणाले हात लावला, तर तुम्हाला रात्रभर झोप आली नाही. आणि आता खरंच लावताय?"

हातोडी खाली गेली. पण त्याची खोड गेली नाही. त्याने पितळेचं एक सुबक स्टँड बनवलं आणि त्याची पकड नेमकी माझ्या सपाट कडेवर, ती झाकायला, बसवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

प्रदर्शनात परीक्षक बाई आल्या. पिकलेले केस, गळ्यात भिंग. टांकसाळीत त्या दिवशी हसलेल्या बाई त्याच की काय, मला ओळखता आलं नाही. तपासणीच्या टेबलाशी बायका पुष्कळ बसत. परीक्षक बाईंनी माझा लचका निरखला.

"एवढ्यावरून सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"मी तेच म्हणत होतो," सचिव म्हणाले. "संशयास्पद लिहा आणि पुढे चला."

बाईंनी पेन उघडलं. किल्लीवाल्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून बायको पुढे आली.

"अहो, ती पकड सोडा."

"अगं, तिथे कड बसलीय," तो पुटपुटला.

"असू दे. जे आहे ते दिसू दे. लपवायचं आपल्याकडे काय आहे?"

त्याने स्क्रू सैल केला. बाईंनी मला काठाने उचललं, फिरवलं, आणि त्यांचं भिंग एका जागी थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"हे का झाकलं होतंत?"

"दोष आहे ना तो."

"दोष कसला? हा जन्मदाखला आहे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कानशीने लचका कुणीही पाडेल. पण त्याच्या बरोबर समोरची कड मुळात उठलीच नाही, हे घरी बसून कसं करणार? घासली असती तर ओरखडे दिसले असते. इथे एकही नाही. नाणं अस्सल आहे. टांकसाळीचीच चूक आहे, आणि फार देखणी चूक आहे."

मग खुर्च्या सरकल्या आणि मला बघायला रांग लागली. ज्यांनी मला आयुष्यभर परत सरकवलं, त्यांच्यासारखीच माणसं आता माझ्यासाठी एकमेकांना कोपर मारत होती. मला विकत मागणारेही दोघे निघाले. किल्लीवाल्याने दोघांनाही मानेनेच नकार दिला. बायको रांगेतल्या प्रत्येकाला, "नीट बघा, समोरच्या बाजूला," असं बजावत होती.

खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. दुकान उघडतंय तोच सचिव दारात. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझ्या संग्रहाच्या कपाटाची किल्ली हरवली आहे. सगळी नाणी त्यात आहेत," ते म्हणाले. "येऊन उघडून द्याल का? मी बाहेर जातोय, घरी कुणी नसेल. शेजारी दाराची किल्ली ठेवली आहे."

किल्लीवाल्याने लगेच हत्यारांची पिशवी उचलली. बायकोने मात्र चिठ्ठी लिहायला घेतली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "नाव काय लिहू?" रस्त्यावरच्या चार लोकांनी ऐकलं. सचिवांनी मुकाट्याने नाव सांगितलं. कुलपं परत नेलेल्या दोन्ही गिऱ्हाइकांची कुलपं त्याच आठवड्यात परत आली.

मी आता दुकानाच्या काचेत असतो, त्याच पितळी स्टँडवर. फक्त पकड आता लचक्याच्या बाजूला गेली आहे, आणि माझी सपाट कड रस्त्याकडे तोंड करून असते. येता जाता बघा. आणि कधी तुमच्या हातात एखादं वेडंवाकडं नाणं आलं, किंवा माणूस आला, तर त्याला परत सरकवण्याआधी एकदा उलट्या बाजूने अंगठा फिरवून बघाल ना?