निवासी, अडतीस फूट

“सर, स्वतःचं घर नकाशात दाखवायला तुम्हाला सांगितलं कोणी?” मी जवळजवळ ओरडलेच.

“जागेवर आहे म्हणून दाखवलं,” टेबलापलीकडून ते म्हणाले. “असलेली भिंत गाळायची कशी?”

ऑफिसात त्यांना सगळे मिलिमीटर म्हणायचे. आमच्या नगररचना कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं नकाशे काढले. मला पेन्सिल धरायलाही त्यांनीच शिकवलं. निवृत्तीनंतर आज ते पहिल्यांदाच अर्जदाराच्या खुर्चीत बसले होते. अर्ज परसातल्या कुत्र्यांच्या निवाऱ्याचा होता. अकरा कुत्री, काही लंगडी, काही आंधळी, सगळी सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, रस्त्यावरून उचलून आणलेली. काकू गेल्या वर्षी गेल्या. मग शेजाऱ्यांनी भुंकण्याची तक्रार केली आणि नोटीस निघाली: महिनाअखेरीपर्यंत परवानगी आणा, नाहीतर गाडी येऊन कुत्री घेऊन जाईल. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

नियम साधा होता. निवाऱ्यापासून शंभर फुटांच्या आत राहतं घर नको. शेजाऱ्यांचं सगळ्यात जवळचं घर एकशे बारा फुटांवर, म्हणजे काम झाल्यात जमा होतं. पण सरांनी सवयीनं आपलंही घर रेखलं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘निवासी, अडतीस फूट’. याला म्हणतात आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

“दुसरा काढा, घर न दाखवता. मी हा बाजूला ठेवते.”

“आवक शिक्का पडलाय त्याच्यावर. आणि पोरी, खोटा नकाशा माझ्या हातून निघायचा नाही.”

“मग एकच उरतं,” मी वैतागून म्हणाले. “वापर बदला. घर निवाऱ्याचाच भाग म्हणून दाखवा. पण मग तिथं राहता नाही येणार, सांगून ठेवते.”

मला वाटलं, हे ऐकून तरी ते हट्ट सोडतील. त्यांनी नकाशातल्या घरावर बोट ठेवलं.

“तिला कुत्र्यांचं वेड, मला रेघांचं. मी त्यातल्या एकालाही कधी हात लावला नाही गं. शेवटी शेवटी म्हणाली, एवढ्यांचं बघा.” मग खिशातून पेन्सिल काढली. “पट्टी दे.”

माझ्याच टेबलावर त्यांनी सुधारित नकाशा काढला. भिंती त्याच, फक्त नावं बदलली. बैठकीच्या खोलीत ‘खाद्यसाठा’ आलं, स्वयंपाकघरात ‘औषधे’. झोपायच्या खोलीपाशी पेन्सिल थांबली. त्याच खोलीत काकूंनी पाच महिने अंथरूण धरलं होतं. तिथं त्यांनी ‘आजारी प्राणी’ लिहिलं. अक्षर जरासुद्धा हललं नाही. रडू मलाच आलं. माझ्या जिभेला हाड नाही, हेच खरं.

पंधरा दिवसांनी जागेच्या पाहणीला मी मुद्दाम स्वतः गेले. सर दोन गल्ल्या पलीकडे एका भाड्याच्या खोलीत राहायला गेले होते. मला पाहून शेजारीण कुंपणाशी आली.

“गाडी कधी येणार हो?”

“येणार नाही. मंजूर होतंय.”

“अगंबाई! मग काका कशाला गेले बिऱ्हाड घेऊन?”

मी फाटक उघडलं. परसात सर उकिडवे बसून एका आंधळ्या कुत्रीला घास भरवत होते. हात अवघडलेला होता, तरी मागे घेत नव्हते. मला बघून उठले, हात धुतले आणि किल्ली काढली.

दार उघडल्यावर मी चपला काढायला वाकले.

“राहू दे पायात,” ते म्हणाले. “निवारा आहे हा आता.”

आणि ते स्वतःही चपला घालूनच निघाले. एक पाय उंबऱ्याच्या आत पडला. दुसरा बराच वेळ बाहेरच राहिला.