दोन मुठींची करवत

मी एक जुनी करवत आहे. सात फूट लांब, पाठीला किंचित बाक, पोटाला दातांची रांग आणि दोन टोकांना दोन लाकडी मुठी. मित्रांनो, तुमच्या घरातल्या लहानशा करवतीशी माझी तुलना करू नका. ती एका माणसाच्या हातात चालते. मला समोरासमोर उभी राहिलेली दोन माणसे लागतात.

एकाने ओढायचे, दुसऱ्याने हात सैल सोडायचा. मग दुसऱ्याने ओढायचे. ढकलायचे कधीच नाही. ढकलले की माझे पातळ पाते मध्येच वाकते, खाचेतून उसळते, आणि उसळलेले पाते समोर कोण आहे हे पाहत नाही. सातासमुद्रांपलीकडे, वायव्येकडच्या ज्या ओल्या, काळोख्या जंगलात मी राबले, तिथे नवा गडी आला की मुकादम त्याला नाव विचारण्याआधी हा नियम शिकवीत असे.

मी पुष्कळ झाडे मारली. हो, मारली असेच म्हणते. पाचशे वर्षांचा देवदार पडताना जो आवाज करतो, तो ऐकल्यावर दुसरा शब्द सुचत नाही. झाडेही सूड घेत. एकदा अर्धा कापलेला बुंधा उभा फाटला आणि नील्स नावाच्या गड्याची छाती त्याने घेतली. मी त्याच बुंध्यात अडकून राहिले. तीन दिवस कोणी मला सोडवायला आले नाही. पावसाने माझ्यावरचे रक्त धुतले, आणि मग तोच पाऊस माझ्यावर गंज चढवू लागला.

पुढे यंत्राच्या करवती आल्या. माझी रवानगी लाकूड गिरणीच्या भिंतीवर झाली. मला वाटले, संपले.

नदीच्या अलीकडे आल्डरफोर्ड गाव, पलीकडे ब्रेन्टन. दोन्हीकडे गिरणी, दोन्हीकडे कॉलेज आणि दोन्हीकडे फुटबॉलचे वेड. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीवर धडकणे. दर नोव्हेंबरात हे दोन संघ भिडत आणि सामना संपला की गावे भिडत. एका वर्षी पुलावरच्या मारामारीत एका मुलाचा डोळा गेला आणि दुसऱ्याला कठड्यावरून खाली फेकले. तो तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच्या तेराव्या दिवशी, म्हणजे आपण तेरावा म्हणू तशा त्या दुःखाच्या दिवसांत, दोन्ही गिरण्यांचे म्हातारे मुकादम एकत्र बसले आणि त्यांनी मला भिंतीवरून उतरवले.

त्यांनी रीत घालून दिली. सामना संपताच, तोंडावरचे रक्त धुण्याआधी, दोन्ही कप्तानांनी माझी एकेक मूठ धरायची आणि मैदानातच एका ओंडक्याची चकती कापायची. दोन्ही संघांचे सामानघर सांभाळणारे दोघे गुडघे टेकून ओंडका धरणार. जिंकलेल्यांनी वर्षभर मला न्यायचे. चकती मात्र हरलेल्यांची. मुकादम शहाणे होते. ज्याला पाच मिनिटांपूर्वी चिखलात तुडवले, त्याच्याच हाताच्या लयीत आपला हात मिसळल्याशिवाय चकती पडत नाही. आणि चकती पडेपर्यंत मैदानातल्या हजारो माणसांचा श्वास संथ झालेला असे.

असे मी ऐंशीहून अधिक ओंडके कापले. तुटलेल्या नाकांचे, निखळलेल्या खांद्यांचे कप्तान मी पाहिले. बायका मला हात लावून जात, मुले माझे दात मोजत. माझ्याइतके कौतुक क्वचितच कुठल्या करवतीच्या वाट्याला आले असेल.

शेवटची तीस वर्षे माझी धार सिग्ने टॉर्विक लावीत असे. आल्डरफोर्डचे सामानघर तिच्याकडे होते. ती फार बोलत नसे. कानशीने एकेक दात घासताना ओठ मात्र हलत. तिचा धाकटा भाऊ आर्ने ब्रेन्टनच्या मुलीशी लग्न करून पलीकडे गेला आणि तिकडचे सामानघर सांभाळू लागला. गावाने त्याचे नाव ‘फितूर’ ठेवले, निम्मे थट्टेने. बहीणभावात वडिलांच्या आजारपणावरून जुनी अढी होती. एरवी येणेजाणे नव्हते. सामना आला की मात्र आर्नेला पूल ओलांडावा लागे. ओंडक्याची दोन टोके धरायला दोघे लागत. त्या एका दिवसापुरते ते भाऊबहीण असत.

दोन्ही कॉलेजे एकाच कॉन्फरन्समध्ये होती. शेजारपाजारच्या दहा कॉलेजांनी आपसांत खेळण्यासाठी बांधलेली ती मोट. एका ऑक्टोबरात आर्ने अवेळी आला. त्या वर्षी मी ब्रेन्टनकडे होते. धारेसाठी त्याने मला खांद्यावरून आणले होते.

“सिग्ने, ऐकलंस? आम्ही कॉन्फरन्स सोडून चाललो.”

“कुठं? नरकात?”

“त्याच्याहून लांब. पार अटलांटिकच्या काठी. तिकडची बडी कॉलेजं आम्हाला घेतायत.”

“खेळायला पाच तास विमानात बसणार? मांड्या अवघडलेली पोरं धावणार कशी?”

“ते मला नको विचारू. टीव्हीवाल्यांना विचार, पैसा त्यांचा.”

“आणि तिथं तुम्हाला ओळखतं कोण रे?”

आर्नेने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “कुणी नाही. तेच तर.”

ब्रेन्टन निघाले आणि मोट सुटली. चार कॉलेजे डोंगरापलीकडच्या गटात शिरली, तीन दक्षिणेकडे गेली. आल्डरफोर्डला कोणी विचारले नाही. ज्या गावाने शंभर वर्षे एकाच शेजाऱ्याचा मनापासून द्वेष केला, त्याला तो शेजारी उठून गेल्यावर काय करावे हे कळेना.

एकच आशा उरली होती. ब्रेन्टनच्या क्रीडाप्रमुखाने कबूल केले होते की गट निराळे झाले तरी हा एक सामना दरसाल ठेवू. करार तयार होता. अट एवढीच, की या वर्षीचा सामना दंग्याशिवाय पार पडावा. चकती पडली की तिथेच, मैदानात सही. सिग्नेने ते ऐकले आणि माझा प्रत्येक दात तिने त्या वर्षी दोनदा घासला. तिला सामन्याहून अधिक काही वाचवायचे होते, पण ते ती स्वतःशीही बोलली नाही. ओठ तेवढे हलले.

सामन्याआधी तिने आल्डरफोर्डचा कप्तान डेल मॉफट याला बोलावले.

“ओढायचं. ढकलायचं नाही. समजलं?”

“बाई, लाकूडतोड्याचा नातू आहे मी.”

“आजोबांना बोटं किती होती?”

“आठ,” डेल हसला.

“म्हणून सांगते.”

त्या शनिवारी बर्फाळ पाऊस पडत होता. मी मैदानाच्या कडेला लाकडी घोडीवर पडून सारे पाहत होते. मित्रांनो, मी जंगल पाहिले आहे, तरी असला सामना पाहिला नव्हता. चेंडू कुठेही असो, माणसे माणसांवर पडत होती. ढिगाऱ्याच्या तळाशी बोटे मुरगळली जात, डोळ्यांत कोपरे जात. आल्डरफोर्डच्या प्रेक्षकांतून ब्रेन्टनच्या साऱ्या संघाला ‘फितूर! फितूर!’ असा एकच घोष उठत होता. आता त्यात थट्टा नव्हती. तिसऱ्या डावात आल्डरफोर्डच्या एका खेळाडूची नडगी मोडली. तो आवाज मी ओळखला. ओली फांदी तशीच मोडते. तो पोरगा डेलच्याच खोलीत राहणारा, त्याचा जिवलग. त्याला झोळीतून नेताना डेलने हेल्मेट काढून स्वतःचे डोके त्यावर तीनदा आपटले.

शेवटच्या क्षणाला आल्डरफोर्डने सामना जिंकला. तीन गुणांनी.

ओंडका मैदानात आणला. सिग्ने एका टोकाशी गुडघे टेकून बसली, आर्ने दुसऱ्या. ब्रेन्टनचा कप्तान टाविता, समुद्रापारच्या बेटांतून आलेल्या घराण्यातला धिप्पाड पोर, एक डोळा सुजून मिटलेला, त्याने माझी मूठ धरली. दुसरी डेलने.

“शेवटचं कापतोय, नीट कापू या,” टाविता हळूच म्हणाला.

“शेवटचं तुझं. तू जातोयस. टीव्हीवर दिसशील, हस की जरा.”

“मी कुठं जातोय, भावा? मला कुणी विचारलं?”

डेलने मूठ आवळली. आम्ही सुरुवात केली. पहिल्या सहा ओढी सरळ गेल्या. भुसा चिखलावर पडला, त्याला देवदाराचा जुना वास होता. मैदान गप्प होऊ लागले. सिग्नेचे ओठ मोजत होते.

सातव्या ओढीला डेलने ढकलले.

चुकून नाही. मुठीतून त्याच्या मनगटाचा सगळा राग माझ्या पोलादात उतरताना मला कळला. मी वाकले. मी नको नको म्हणत होते, पण करवतीला थांबता येत नाही. खाचेतून उसळून मी आडवी गेले आणि ओंडका धरून बसलेल्या आर्नेच्या उजव्या हातावर उतरले. दोन बोटे भुशात पडली. लाल भुसा मी पहिल्यांदा पाहिला.

मग दोन्ही बाजूंचे कठडे मोडले. हेल्मेटे दगडासारखी चालू लागली. बाकांच्या फळ्या उपटल्या गेल्या. एका फळीने एका म्हाताऱ्याचा जबडा फिरला. टाविता आर्नेवर पालथा पडून राहिला आणि त्याच्या पाठीवर कोणाकोणाचे बूट पडत होते, कोणत्या गावचे, ते कळत नव्हते. गर्दीतल्या दोघांनी मला उचलायला हात घातला. तेव्हा सिग्नेने मला उराशी कवटाळले, दात आत करून. तिचा कोट फाटला, तळवे चिरले, पण तिने मला हत्यार होऊ दिले नाही. गर्दीत क्रीडाप्रमुखाच्या हातातला करार चिखलात पडला. तो उचलायला तो वाकलाच नाही.

सामना कायमचा संपला.

त्यानंतर वकील आले. ‘पुढच्या सामन्यापर्यंत जिंकलेल्यांनी ठेवावी,’ असे रीत सांगत होती. पण पुढचा सामनाच नव्हता. मग मी कोणाची? दोन कॉलेजे दोन महिने भांडली आणि शेवटी निवाडा झाला, अर्धी अर्धी करावी. कापायचे काम सिग्नेने मागून घेतले. “परक्यानं हात लावण्यापेक्षा मीच,” एवढेच ती म्हणाली.

जानेवारीच्या एका सकाळी आर्ने ब्रेन्टनचा साक्षीदार म्हणून आला. उजव्या हाताला पट्टी. सिग्नेने मला ऐरणीवर आडवे ठेवले आणि गॅसची ज्योत पेटवली.

“त्या पोरानं मला पत्र पाठवलं,” आर्ने म्हणाला. “डेलनं. चार पानं.”

“मग?”

“अक्षर इतकं घाण आहे, वाटलं, बोटं त्याचीच तुटली.”

सिग्ने हसली नाही. तिने डोळ्यांवर काळा चष्मा ओढला.

“आर्ने, एकदा आग लागली की हिचं पाणी जाईल.”

“अगं, निवाडा झालाय.”

“माहीत आहे मला. तुला सांगून ठेवतेय. कुणीतरी ऐकलेलं असावं.”

लोखंडाला पाणी देतात, म्हणून ते धार धरते. माणसाच्या अंगातही पाणी असते असे तुम्ही म्हणता, ते हेच. ज्योत माझ्या मधोमध टेकली आणि माझे पाणी निळे, मग पिवळे होऊन निघून गेले. दुखले का? मित्रांनो, मी इतक्यांना कापले आहे की तक्रार करण्याचा हक्क मला नाही. शेवटचा तुकडा तुटताना दोघांनीही मान वळवली.

आर्नेने आपला अर्धा भाग डाव्या काखेत घेतला. दारात तो थांबला. मग तो पुलाकडे चालू लागला. पुन्हा तो आला नाही. येण्याला निमित्त उरले नव्हते.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. अर्धी मी इथे सिग्नेच्या सामानघरात आहे. ऐकते, तो बडा गटही आता फुटतो आहे. त्यातली वीसेक धनाढ्य कॉलेजे निराळी चूल मांडणार आणि त्यांत ब्रेन्टनचे नाव नाही. परवा पलीकडून दोन साहेब आले होते. पुन्हा सामना सुरू करू म्हणाले, करवतीला जोड देता येईल का म्हणून त्यांनी विचारले.

“देता येईल,” सिग्ने म्हणाली. “भिंतीवर छान दिसेल. लाकडात घालू नका.”

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असे मी सांगणार नाही. माझी काळजी घेण्याची वेळ टळून गेली. तुमच्याजवळ मात्र अजून काही तरी असेल, जे तुमचे आणि शेजाऱ्याचे मिळून एक आहे: एखादे भांडण, एखादी जत्रा, एखादी विहीर. ते कोणाचे किती, हे मोजायला कोणी आले, तर त्याला दारातूनच परत पाठवा.