फीत दिसली नाही तर

मुलीला मांडीवर घेऊन ती कुस्करलेलं केळं भरवत होती, पण लक्ष ना केळ्यावर होतं ना मुलीवर. चमचा कधी तोंडात जात होता, कधी गालाला लागत होता. डोळे मात्र लाकडी पुलापलीकडच्या वळणाला चिकटलेले. त्या वळणावरून दुपारपासून धावपटू येत होते. आधी तरतरीत, मग घामाघूम, मग नुसतेच पाय ओढत चालणारे. आता बराच वेळ कोणीच नव्हतं. यायच्या राहिल्या होत्या फक्त सासूबाई आणि एक दातांचे डॉक्टर.

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, सासूबाईंनी पळायला घेतलं. आधी बागेभोवती फेऱ्या, मग शहरातल्या छोट्या शर्यती, आणि या वर्षी थेट जंगलातली ही दिवसभराची शर्यत. घरातलं एक माणूस जंगलात शिरलं म्हटल्यावर उरलेली माणसं ओढली गेलीच. तिच्या वाट्याला हा पुलावरचा थांबा आला: पाणी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी, सूपसाठी एक स्टोव्ह. नवऱ्याच्या वाट्याला 'शेपूट'. शेवटच्या धावपटूच्या मागून चालायचं आणि झाडांना बांधलेल्या केशरी फिती सोडवत यायचं, म्हणजे जंगलात आपली काही घाण राहायला नको. या कामाला सगळे शेपूटच म्हणत.

वळणावर दोन माणसं दिसली. ती मुलीसकट उभी राहिली. पुढे लंगडत दातांचे डॉक्टर, मागे खांद्याला फितींची फुगलेली पिशवी लावून तिचा नवरा. त्यांच्या मागे कोणी नाही.

"आई पुढे गेली का?" नवऱ्याने पूल ओलांडता ओलांडता विचारलं. "सूप प्यायली की तशीच पळाली?"

"कुठे पुढे? आई आल्याच नाहीत."

"चेष्टा नको हं, पाय तुटलेत माझे."

"अरे, मी इथून हललेली नाही. नाही आल्या."

नवऱ्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खुर्चीत बसायच्या बेतात होते, ते अर्धवट वाकलेले तसेच थांबले. "मागचा बंधाऱ्याचा थांबा सोडल्यावर मला मागे टाकून गेल्या त्या," ते म्हणाले. "'दात नंतर बघा, आधी पाय उचला,' असं म्हणाल्यासुद्धा. मी यांना तेच सांगितलं, त्या केव्हाच पुढे गेल्या म्हणून."

"म्हणून मग मी फिती काढत आलो," नवरा म्हणाला आणि पिशवीकडे अशा नजरेने बघायला लागला, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

तिचं डोकं भराभर चालायला लागलं. सासूबाईंचं आडोशाला जाणं साऱ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होतं. प्रवासात कुठे गाडी थांबवली तर त्या इतक्या आत जायच्या, की परत येईपर्यंत माणसाला वाटावं, दुसरी गाडी धरून घरी गेल्या. आजही तशाच आत गेल्या असणार. तेवढ्यात वाटेवरून हे दोघे पुढे सरकले आणि फिती निघाल्या. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा वाट होती, पण फीत नव्हती.

"येईल गं अंदाजाने," नवरा म्हणाला. "आईला कोण अडवणार?"

"अंदाजाने यायच्या असत्या तर तुमच्या पाठोपाठ आल्या असत्या. तुम्ही दोघं काय वाऱ्यासारखे आलात?" ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं. "त्या मागे गेल्यात."

"मागे कशाला जाईल?"

"मी सांगितलं म्हणून."

फीत दिसली नाही तर अंदाजाने पुढे जायचं नाही. मागे फिरायचं, शेवटची फीत दिसेपर्यंत. नियम शर्यतीचाच होता, पण तिने तो घरात इतक्यांदा घोकवून घेतला होता, की नवरा शेवटी म्हणाला, आता पिल्लूसुद्धा म्हणून दाखवेल. सासूबाई तेव्हा बुटांच्या नाड्या बदलत होत्या, मान वर न करता. बाळाला साखर देऊ नका म्हटलं तर त्या बोट बुडवून चाटवायच्या. टोपी घालू नका, उकडतं म्हटलं तर दोन टोप्या. त्यांनी आपलं कधी काही ऐकावं ही आशा तिने केव्हाच सोडली होती. आणि ऐकलं ते नेमकं हे. प्रत्येक झाडाकडे बघत, एकही फीत न दिसता, आज्ञाधारकपणे त्या मागे मागे चालल्या असणार.

तिने मुलीला कडेवर घेतलं आणि वॉकीटॉकी उचलला. आयोजक नवऱ्याचा जुना मित्र होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बंधाऱ्यावरची मंडळी सामान भरून निघालीसुद्धा, वहिनी. गाडी अर्ध्या रस्त्यात असेल."

"परत पाठवा."

"पाठवतो. पण काळजी नका करू, बंधाऱ्यावर पोचल्या की थांबतीलच की त्या."

"कशाला थांबतील? तिथे फीत आहे का?"

पलीकडे तो कोणावर तरी ओरडताना ऐकू आला, गाडी वळवा म्हणून.

नवऱ्याने एक बटाटा तोंडात कोंबला, डोक्यावर दिवा चढवला आणि आल्या वाटेने उलटा निघाला. "जाताना बांधत जा," ती मागून म्हणाली. त्याने न वळता पिशवीत हात घातला.

मग तिच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच तिला सोसवेना. तिने संत्र्याच्या फोडी एका ताटातून दुसऱ्या ताटात ठेवल्या. पाण्याचे भरलेले पेले ओतून पुन्हा भरले. झाडांमधलं ऊन तिरपं झालं होतं. मुलगी किरकिरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी हात पुढे केले. एरवी तिने परक्या माणसाकडे दिली नसती, आज दिली. त्यांनी बोट धुतलं आणि सवयीने हिरडी चाचपली.

"वरचे दोन येतायत. म्हणून रडतेय."

"हो का," ती म्हणाली. एरवी हे ऐकून तिने दहा प्रश्न विचारले असते.

वॉकीटॉकी खरखरला. गाडी बंधाऱ्यावर पोचली होती. तिथे कोणी नव्हतं.

"अजून मागे बघा," ती म्हणाली. "वाटेवरूनच. हाका मारत जा."

"वहिनी, इतक्या मागे कोणी—"

"त्या जातील."

डॉक्टर मुलीला खांद्यावर थोपटत पुलावरून येरझाऱ्या घालत होते, लंगडत. तिला त्यांना बसा म्हणायचं होतं, पण त्यांचं चालणं थांबलं तर काहीतरी वाईट होईल असं उगाच वाटत राहिलं. वॉकीटॉकी तिने इतका घट्ट धरला होता, की तळव्यावर त्याच्या कडेचा वळ उठला.

"अगं," एकाएकी आवाज आला, "कुठे बोलायचं यात? दाबू का हे?"

तिने वॉकीटॉकी तोंडाजवळ धरला. "आई, लागलं का कुठे?"

"लागायचंय काय? पण किती मागे जायचं गं माणसाने? एक फीत दिसेल तर शपथ. मला वाटलं, आता घरीच पोचते. जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकलं, त्याची ही गत."

सगळे थांबे एकाच वाहिनीवर होते. कुठूनतरी कोणीतरी हसल्याचा आवाज आला.

"आमचीच चूक झाली, आई."

"ते हे लोकही म्हणतायत. वेळेचं सांभाळून घेतो म्हणतात, पळायचं तर पळा. म्हटलं, हिला विचारते. बोल, येऊ का गाडीत बसू?"

गाडीत बसा, हे शब्द तिच्या ओठांवर तयारच होते. तिने बटण दाबलंसुद्धा. घरात कोणी तिला असं विचारल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि आता सगळं जंगल कान देऊन बसलं होतं.

"या," ती म्हणाली. "तुमचा मुलगा समोरून फिती बांधत येतोय, भेटेल वाटेत. पण एकट्या नको. कोणालातरी सोबत घ्या."

"ही एक पोरगी येते म्हणतेय. दमली तर सोडून पुढे येईन हं मी."

"आई, सोडायचं नाही."

सासूबाई निघाल्यासुद्धा होत्या.

तिने स्टोव्ह पेटवला. मग त्यांना यायला अजून किती वेळ आहे ते लक्षात आलं आणि बंद केला. डॉक्टरांकडून मुलीला घेतलं, ती झोपली होती. झाडांखाली आता अंधारून येत होतं. सासूबाईंचा दिवा नीट पेटत असेल ना, चढावर दम लागला तर ती पोरगी थांबेल ना, आणि आपण 'या' म्हणालो ते कशाच्या भरवशावर?

तिने झोपलेल्या मुलीला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने स्टोव्ह पुन्हा पेटवला.