काट्याच्या वाटेतला खडा

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅमीटर आहे. पंख्याची मोटर किती वीज ओढते, ते मी काटा हलवून सांगत असे. आता मला कुणी विचारत नाही, आणि तेच बरे आहे.

माझा जन्म विलायतेतला. सोलापुरात घरोघरी वीज येऊ लागली, तेव्हा धोंडप्पा वायरमनने मला विकत घेतले. कुणाचा पंखा घरघरू लागला की तो मला तारेत जोडी. मोटर अडखळत असली की जास्त वीज ओढते, तापते आणि एक दिवस जळते. माझा काटा निम्म्यापलीकडे गेला की धोंडप्पा पंखा बंदच करून ठेवी. शुक्रवार पेठेत माझा शब्द चाले. मला त्याचा तोराही होता.

खंडेनवमीला त्याची बायको केराबाई हत्यारांची पूजा करी. पक्कड, हातोडी आणि त्यांच्या शेजारी मी. एका वर्षी तिने मनोभावे पाणी शिंपडून मला कुंकू वाहिले. माझी काच कडेला सैल होती. ओले कुंकू आत उतरले, वाळले आणि काट्याच्या वाटेत, बरोबर निम्म्यावर, त्याचा खडा झाला.

दुसऱ्याच दिवशी पेठेतल्याच दाक्षायणीबाईंकडून बोलावणे आले. त्यांचा नवरा विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. उन्हाने घर तापले होते आणि उशाशी पंखा चालू होता.

"वास येतोय की, धोंडप्पा. जळल्यागत," त्या म्हणाल्या.

धोंडप्पाने मला जोडले. काटा उठला आणि खड्याला अडला. मी जीव खाऊन ढकलत होतो, पण तो तसूभर सरकला नाही.

"काटा निम्म्यातच हाय, वैनी. मोटर चांगली हाय. बिनघोर लावा."

"तुमी म्हणताय तर लावते."

त्याच दुपारी, जागरणाने दमलेल्या दाक्षायणीबाईंचा डोळा लागला असताना, मोटर जळाली आणि मच्छरदाणी पेटली. आजाऱ्याला उठता आले नाही. तो गेला.

धोंडप्पा भेटायला गेला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तुमी तर बघून गेला होता. आमचंच नशीब."

ते त्याला सोसले नाही. आपल्याच हातून जोडणीत चूक झाली असे धरून त्याने धंदा सोडला आणि तो मोडनिंबला शेतावर गेला. माझी काच त्याने कधी उघडलीच नाही. मला ओरडता आले असते तर!

मित्रांनो, यंत्राला मान द्या, पण ते उघडून पुसतही जा. आणि घरातले माणूस वास येतो म्हणाले, तर आधी त्याचे ऐका. आज कुणी मला तारेत जोडलेच, तर मोटर कितीही वीज ओढो, माझा काटा निम्म्यापुढे जाणार नाही आणि बघणारा म्हणेल, सगळे ठीक आहे.