मुळगावच्या चढावरचा देवचार

मुळगावच्या चढावर अनंताचा खनिजाने भरलेला ट्रक जागीच खिळला होता आणि अर्धा गाव भोवती हात जोडून उभा होता. हल्ली रोज तेच. आमोण्याला निघालेले ट्रक इथे चहाला थांबत. देवचाराला, म्हणजे वाटेच्या राखणदार भुताला, नारळ, पाव आणि सोऱ्याची, म्हणजे दारूची, बाटली वाहणारे सुखरूप सुटत. न वाहणाऱ्यांची चाकं अडकत.

"देवचाराने धरलाय!" देवचाराचा नैवेद्य स्वीकारणारे मांत्रिक कृष्णनाथबाबा गरजले. "इंजिन चालू ठेव, मी मंत्र म्हणतो."

"थांबा," अनंताची बहीण सुमंगला म्हणाली. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. हा नव्या धर्तीच्या ब्रेकांचा ट्रक घेताना तिने शोरूममधल्या मेकॅनिकला प्रश्न विचारून भंडावलं होतं. "बाबा, आज इंजिन बंद ठेवून म्हणा."

"बाय, देवचाराला इंजिनाची घरघर आवडते गो!"

"त्याला, की तुम्हाला?"

लोक हसले. बाबांना माघार घेता येईना. त्यांनी संस्कृत म्हटलं, कोकणी म्हटलं, शेवटी हिंदीतही दटावलं. ट्रक ढिम्म.

"आता तुम्ही गप्प बसा. अनंता, स्टार्ट कर."

हवेचा दाब दाखवणारा काटा हळूहळू वर चढला. फस्स आवाज झाला आणि ट्रक सहज पुढे सरकला.

"ट्रकाखालच्या हवेच्या टाकीतली हवा हे ब्रेक सोडवून धरते," सुमंगला म्हणाली. "हवा गेली की आतली स्प्रिंग चाकं आवळते. इंजिन चाललं की हवा पुन्हा भरते."

"पण हवा गेली कशी?" अनंताने विचारलं.

सुमंगला वाकली आणि टाकीखालची पाणी काढायची कडी तिने ओढली. फुस्स! काळं तेलकट पाणी उडालं.

"सगुण, हात दाखव."

उभ्या ट्रकांच्या चाकांना अंगारा लावत फिरणाऱ्या बाबांच्या चेल्याने हात पाठीमागे लपवले. लोकांनी ते पुढे ओढले. कोपरापर्यंत तसंच काळं पाणी.

"देवचारानेच करवून घेतलं!" बाबा म्हणाले आणि घाईघाईने चपला शोधू लागले.

सगळे हसत होते. अनंता मात्र चाकांकडे बघत होता. त्याचे ब्रेक कधीपासून किंचाळत होते, आणि "गॅरेज कित्याक, कशाला? मी आहे," म्हणत बाबांनी त्याच्या ट्रकला लिंबू बांधलं होतं. त्याने तिथेच ट्रक रिकामा केला आणि हळूहळू डिचोलीच्या गॅरेजात नेला. चाकं उघडली, तर ब्रेकचे पट्टे झिजून नुसते रिव्हेट उरलेले, एक ड्रम तडकलेला.

"भरल्या ट्रकाने चढापलीकडचा उतार उतरला असतास तर थांबलाच नसतास," मेकॅनिक म्हणाला. त्या उताराच्या पायथ्याशी सुमंगलाची शाळा आहे. अनंता तिथेच जमिनीवर बसला.

म्हणून सांगतो, ब्रेक ओरडला तर चाक उघडून बघा. काय बिघडलंय हे विचारलं म्हणून कुठलाही देव रागावत नाही. रागावतात ते बाबा.